बॉल माझ्याकडे येऊ नये

गेल्या डिसेंबरात भाचीची मॅच बघायला नागपूरला गेले होते. आंतरशालेय स्पर्धा, सिमेंटचं कोर्ट, एका रिंगची जाळी अर्धी तुटलेली, आणि थंडी अशी की बेंचवरच्या मुली जर्सीवर स्वेटर चढवून हात काखेत दाबून बसल्या होत्या. शेवटची काही सेकंदं उरली होती आणि भाचीची टीम एका गुणानं मागे होती. बॉल त्यांच्या पॉइंट गार्डकडे, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ रचणारीकडे. ही मुलगी टीममधली सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चांगली. तोवरचे निम्म्याहून जास्त गुण तिचेच होते. समोरच्या टीमच्या दोघी तिच्या अंगावर धावून गेल्या, त्यामुळे पोस्टला, म्हणजे बास्केटजवळच्या जागी, खेळणारी माझी भाची बास्केटखाली एकटी मोकळी राहिली. गार्डनं पास दिला नाही. दोघींच्या मधून वाट काढत ती उडाली, शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आदळला आणि बाहेर आला. शिट्टी वाजायच्या आत सर ओरडले, "पास का नाही दिला? एकटीची मॅच आहे का तुझी?" ती पोर कंबरेवर हात ठेवून खाली बघत उभी राहिली. हाताचे तळवे धुळीनं काळे झालेले, गाल थंडीनं आणि अपमानानं लाल.

परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या भाचीला मी विचारलं, राग आला का गं तिचा, तू तर मोकळी होतीस. बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "नाही मावशी. मला वाटतच होतं, बॉल माझ्याकडे येऊ नये. तिनंच मारावा."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं आहे.

अमेरिकेत, एनबीए ही तिथली व्यावसायिक बास्केटबॉल लीग पाहणाऱ्यांत, एक वाद वर्षानुवर्षं चालत आला आहे. टीमचा स्टार जर गार्ड असेल, त्यातून उंचीनं बेताचा असेल, तर ती टीम अजिंक्यपदापर्यंत पोचते का? नाही म्हणणाऱ्यांकडे इतिहास आहे. बिल रसेलची अकरा अजिंक्यपदं, करीम अब्दुल-जब्बारची सहा, टिम डंकनची पाच. सगळी उंच माणसं, बास्केटच्या आसपास राज्य करणारी. दुसरा मुद्दा बचावाचा. प्लेऑफ्समध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, समोरची टीम मुद्दाम स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला माणूस उभा करून, तुमच्या बुटक्या गार्डला आपल्या सगळ्यांत धोकादायक माणसासमोर आणून उभं करते. २०१६च्या फायनलचा सातवा सामना, शेवटचं मिनिट, ८९-८९ अशी बरोबरी. क्लीव्हलंडनं नेमकं हेच केलं. स्क्रीन लागला, स्टेफ करी कायरी अर्विंगसमोर आला आणि कायरीनं त्याच्या हातावरून तीन गुणांचा शॉट घातला. त्या मोसमात ७३ सामने जिंकलेली करीची गोल्डन स्टेट वॉरियर्स टीम तिथे संपली.

दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण या वादात सगळे जण गार्डकडेच बघत असतात. त्याची उंची, त्याची नेमबाजी, त्याचा स्वार्थ किंवा नि:स्वार्थ. बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटत असतं, हे कुणी विचारत नाही. भाचीच्या तोंडून मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. ऐकू आलं म्हणण्यापेक्षा आठवलं, कारण मी स्वतः कॉलेजात तेच जगले होते. आमच्या टीमची पॉइंट गार्ड विद्यापीठाकडून खेळलेली, बॉल तिच्या तळव्याला चिकटलेला असायचा. मी कोपऱ्यात उभी राहायचे. तिच्या एका कटवर अख्खं डिफेन्स वळायचं ते बघत राहण्यासारखं होतं, आणि मी बघतच राहायचे. पण बास्केटबॉलमध्ये हातांना बॉल लागत राहावा लागतो. रबराचे ते बारीक दाणे बोटांना जाणवत राहिले की हात गरम राहतात. पंधरा मिनिटं बॉल नाही मिळाला आणि मग अचानक दोन सेकंद उरलेली असताना छातीवर येऊन आदळला, तर तो परका वाटतो. जड वाटतो. आपण रिंगकडे बघण्याआधी तिच्याकडे बघतो, परत कधी देता येईल म्हणून.

सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस, कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याला बॉल कुणीतरी नेऊन द्यावा लागतो. शकील ओनीलसारखा अवाढव्य माणूस बास्केटजवळ जागा अडवून हात वर करायचा आणि वाट बघायचा. त्याच्या मोठेपणात दुसऱ्याचा हात आधीच गृहीत धरलेला असतो. गार्डचं तसं नाही. बॉल तोच आणतो, वाट तोच काढतो, शॉटही तोच मारतो. शॉट मारायला मिळणारी चोवीस सेकंदं सरतात आणि उरलेल्या चौघांच्या बोटांना बॉलचा स्पर्शही झालेला नसतो. त्यात गार्डचा दोष असतोच असं नाही. घरातली एक बाई विलक्षण कर्ती असली की साखरेचा डबा कुठे आहे हे बाकीच्यांना माहीत नसतं, आणि ती आजारी पडली की सगळं घर ओट्यापाशी येऊन नुसतं उभं राहतं. तिनं कुणाला मज्जाव केलेला नसतो. बाकीच्यांची सवयच मोडलेली असते.

मायकल जॉर्डनचं नाव घेतलं की हा वाद मिटतो असं पुष्कळांना वाटतं. तो गार्डच होता, सहा अजिंक्यपदं जिंकला, संपलं. पण जॉर्डन १९८४ साली आला आणि पहिलं अजिंक्यपद १९९१ला मिळालं. मधली सात वर्षं लोक हेच म्हणत होते की इतके गुण करणारा माणूस टीम जिंकवू शकत नाही. १९८६-८७च्या मोसमात त्यानं सामन्यामागे ३७.१ गुण केले. शिकागो बुल्सनं त्या वर्षी ४० सामने जिंकले, ४२ हरले आणि पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून तिन्ही सामने गमावून घरी आले. पुढे १९९१च्या फायनलच्या पाचव्या सामन्यात कोच फिल जॅक्सननं त्याला टाइमआउटमध्ये विचारलं की मोकळं कोण आहे. पॅक्सन, असं उत्तर आलं. मग शेवटच्या काही मिनिटांत जॉन पॅक्सनला बॉल मिळत गेला, तो एकामागून एक शॉट घालत गेला आणि बुल्स पहिल्यांदा जिंकले. मला त्या उत्तराइतकीच पॅक्सनची तयारी महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं जॉर्डनशेजारी खेळूनही त्या माणसाच्या मनातून 'मला दे' हे गेलं नव्हतं.

१९९७चा शॉट तर मी कधीही बघू शकते. युटाविरुद्ध सहावा सामना, ८६-८६. टाइमआउटमध्ये जॉर्डन स्टीव्ह करला सांगतो की युटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येणार आहे. कर म्हणतो, मी तयार आहे. आणि तसंच घडतं. जॉर्डनवर दोघं येतात, पास मागे जातो, कर एक पाऊल आत घेऊन मारतो. अख्ख्या जगाला जॉर्डनचा शॉट हवा असताना या सडपातळ माणसाला तो स्वतःला हवा होता. शॉटपेक्षा मी आधीचा तो बेंचवरचा चेहरा बघते. ओठ घट्ट मिटलेले, नजर कोर्टवर, मान हलते आहे. माझ्या भाचीच्या अगदी उलट टोकाचा चेहरा.

डेट्रॉइटचा आयझाया थॉमस उंचीनं जॉर्डनपेक्षा पुष्कळ कमी, १८५ सेंटिमीटरच्या आसपास. त्याच्या डेट्रॉइट पिस्टन्सनं १९८९ आणि १९९०, लागोपाठ दोन अजिंक्यपदं जिंकली. पहिल्या वेळी फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला त्याचा जोडीदार जो डुमार्स. दुसऱ्या वेळी मान आयझायाला मिळाला, पण पोर्टलंडमध्ये शेवटच्या सेकंदाचाही काही भागच उरला असताना अजिंक्यपदाचा शॉट घातला बेंचवरून आलेल्या व्हिनी जॉन्सननं.

आता ॲलन इव्हर्सन. त्याच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही. सहा फूट, तेही बुटांसकट असावं असं वाटायला लावणारी चण, घट्ट वेण्या, उजव्या हातावर ती लांब बाही, आणि प्रत्येक सामन्यात आपल्यापेक्षा हातभर उंच माणसांच्या अंगावर धाव घेऊन धाडकन जमिनीवर आपटणं. तो पडायचा आणि उठायचा. २००१ साली त्यानं फिलाडेल्फिया सिक्सर्सला १९८३नंतर पहिल्यांदाच फायनलला नेलं. समोरचे लॉस एंजेलिस लेकर्स त्या प्लेऑफ्समध्ये एकही सामना हरलेले नव्हते, सलग अकरा जिंकलेले. पहिला सामना त्यांच्याच घरी. अमेरिकेत ६ जूनची रात्र होती. आपल्याकडे ७ जून उजाडलेला होता, म्हणजे त्याचा सव्विसावा वाढदिवस. त्यानं ४८ गुण केले, त्यासाठी ४१ शॉट मारले, आणि सिक्सर्स जादा वेळेत १०७-१०१ असे जिंकले. लेकर्सचा टायरॉन लू खाली पडला आणि इव्हर्सन त्याला ओलांडून गेला तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्या प्लेऑफ्समधला लेकर्सचा तो एकमेव पराभव. पुढचे चारही सामने त्यांनी जिंकले.

एकेचाळीस शॉट! विरोधकांना हा आकडा पुरतो. मलाही तो बोचतो, नाकारणार नाही. पण तो सामना पूर्ण पाहिलेल्यानं सांगावं की ती बाकीची मंडळी मेलेल्या मनानं खेळत होती का. घोट्याचं हाड दुखावलेलं असताना एरिक स्नो धावत होता, आणि जादा वेळेत अगदी शेवटी त्यानंच पळता पळता एक अवघड शॉट मारून सामना बंद केला. राजा बेल हा दोन महिन्यांपूर्वी छोट्या लीगमधून उचलून आणलेला पोरगा. त्यानं त्याच जादा वेळेत घुसून गुण काढले. इव्हर्सन त्यांना फारसे पास देत नव्हता हे खरं. तरी त्याच्या आपटण्यानं आणि उठण्यानं त्यांच्यात काहीतरी जागतं राहिलं होतं. हे कोणत्या तक्त्यात मांडायचं ते मला कळत नाही, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग २००८ येतं आणि माझा सगळा युक्तिवाद डळमळतो. नोव्हेंबर २००८मध्ये डेन्व्हरनं इव्हर्सन डेट्रॉइटला दिला आणि बदल्यात चॉन्सी बिलप्स घेतला. एक गार्ड देऊन दुसरा गार्ड, मोसम नुकताच सुरू झालेला, बाकीची माणसं बहुतेक तीच. खेळात इतका स्वच्छ प्रयोग सहसा मिळत नाही. आदल्या वर्षी डेन्व्हर पहिल्याच फेरीत चारही सामने हरून बाहेर पडलं होतं. बिलप्स आला, आणि ते ५४ सामने जिंकून पश्चिम गटाच्या फायनलला पोचले. डेट्रॉइट आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलं होतं. इव्हर्सन आल्यावर ३९. तो तेव्हा ३३ वर्षांचा होता, शरीर थकलेलं होतं, पिस्टन्सचीही वयं झाली होती. हे सगळं मी स्वतःला सांगते. आणि तरीही त्या डेन्व्हरचे सामने लावले की दिसतं: बिलप्स बॉल घेऊन सावकाश वर येतो, हातानं एकाला सरकवतो, दुसऱ्याला त्याच्या आवडीच्या जागी बॉल मिळतो. डेन्व्हरचा स्टार कार्मेलो अँथनी तोच, पण हलका झालेला.

त्यातला आणखी एक धागा मला फार अस्वस्थ करतो. २००१ला सिक्सर्सचा कोच होता लॅरी ब्राउन. २००४ला बिलप्सच्या पिस्टन्सचा कोचही लॅरी ब्राउन. समोर दोन्ही वेळा लेकर्स, शकील आणि कोबी ब्रायंट. पहिल्या वेळी १-४ असा पराभव, दुसऱ्या वेळी ४-१ असा विजय. बिलप्स २००४च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सामन्यामागे २१ गुण करून. रिप हॅमिल्टन, टेशॉन प्रिन्स, रशीद वॉलेस, बेन वॉलेस, ही सगळी प्रत्येकाला आपला बॉल हवाच असलेली माणसं. मी मनापासून इव्हर्सनवर प्रेम करते, आणि टीम माझी असती तर गार्ड म्हणून बिलप्स निवडला असता. ही दोन्ही वाक्यं मला खरी वाटतात, आणि एकाला दुसऱ्यापुढे मान खाली घालायला लावायची माझी इच्छा नाही.

ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकचं दुःख याहून निराळं. २०१६-१७मध्ये त्यानं अख्ख्या मोसमाच्या सरासरीत ट्रिपल-डबल केलं, म्हणजे गुण, चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल (रिबाउंड) आणि गुण मिळवून देणारे पास, तिन्ही सामन्यामागे दहाच्या वर; सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. प्लेऑफ्समध्ये ह्यूस्टनविरुद्ध दुसऱ्या सामन्यात ५१ गुण, आणि पराभव; चौथ्या क्वार्टरमध्ये त्यानं अठरा शॉट मारले, त्यातले चार आत गेले. तो बेंचवर बसला की आघाडी वितळायची. टीमचा दुसरा स्टार केव्हिन ड्युरँट सोडून गेलेला, दुसरं करण्यासारखं त्याच्या हातात काय होतं? त्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या सामन्यातल्या बाकीच्यांचे चेहरे मला माझ्या कॉलेजच्या कोपऱ्यातून ओळखीचे आहेत. तिनंच मारावा. त्यानंच मारावा.

म्हणून करीबद्दल बोलताना लोक २०२२च्या फायनलचा चौथा सामना सांगतात, बॉस्टनमध्ये ४३ गुण, तेव्हा मी पाचवा सांगते. त्या सामन्यात करीनं तीन गुणांचे नऊ शॉट मारले आणि नऊच्या नऊ चुकले. सलग २३३ सामने निदान एक तरी घालणारा माणूस. भारतात सकाळ होती, माझा चहा गार होत होता आणि मी टीव्हीसमोर उभीच होते. वॉरियर्स १०४-९४ असे जिंकले. अँड्र्यू विगिन्सनं २६ गुण केले, १३ रिबाउंड घेतले. हा विगिन्स २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलेला, आणि मिनेसोटात वाया गेला म्हणून त्याच्यावर शिक्का बसलेला. करीची एक सवय नीट बघावी. तो पास देतो आणि थांबत नाही. बॉल सोडला की तो जास्तच जोरात पळतो, दोन डिफेंडर त्याच्यामागे ओढले जातात, आणि बाकीच्यांच्या हातात बॉलही असतो आणि मोकळी जागाही. असं वर्षभर रोज घडत राहिलं की वाईट रात्री कुणीतरी विगिन्स तयार असतो. आणि या टीमचा कोच कोण? तोच स्टीव्ह कर, १९९७च्या टाइमआउटमध्ये मान हलवणारा.

नागपूरच्या त्या सरांना माझा प्रश्न म्हणूनच वेगळा असता. शेवटच्या दहा सेकंदांत पास दिला नाही म्हणून ओरडण्याआधी, पहिल्या तीन क्वार्टर्समध्ये पोस्टला किती वेळा बॉल गेला ते त्यांनी आठवावं. गेला तेव्हा शॉट चुकल्यावर बेंचवरून काय ऐकू आलं तेही आठवावं. बाराव्या-तेराव्या वर्षी ती गार्ड स्वार्थी नव्हती. तिच्या टीमनं आणि तिच्या सरांनी मिळून ठरवलेलंच ती करत होती, आणि त्यांच्या वतीनं एकटीनं बोलणी खात होती. भाचीला मी एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी मोकळी असलीस तर हाक मार, तिचं नाव घेऊन मार. ती म्हणाली, बॉल आला आणि चुकला तर? मी म्हटलं, तर चुकू दे.

२०२५च्या फायनलमध्ये दोन्ही बाजूंना गार्डच होते. ओक्लाहोमा सिटीकडे शे गिल्जस-अलेक्झांडर, त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच वेस्टब्रुकच्या जुन्या टीमचा, पण याच्याशेजारी पाचव्या सामन्यात जेलन विल्यम्सनं ४० गुण केले. इंडियानाकडे टायरीस हॅलिबर्टन, ज्याला त्याच वसंतात खेळाडूंच्याच एका निनावी मतचाचणीत वाजवीपेक्षा जास्त नावाजलेला ठरवलं होतं. पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरली असताना त्यानं विजयाचा शॉट घातला. सातव्या सामन्यात, पहिल्याच क्वार्टरमध्ये, त्याचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. तो कोर्टवर पालथा पडून जमिनीवर हात आपटत होता, आणि मला वाटलं, आता ही टीम पंधरा मिनिटांत कोसळणार. मध्यंतराला इंडियाना ४८-४७ अशी पुढे होती. टी. जे. मॅकॉनेल, स्वतः बुटका आणि ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला, तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुन्हा पुन्हा बॉल मागत होता, घुसत होता, घालत होता. ओक्लाहोमा सिटी अखेर १०३-९१ जिंकली आणि शेनं चषक उचलला, पूर्ण हक्कानं. तरी त्या वर्षी टीमचं नेतृत्व कोणत्या गार्डनं केलं असं मला विचारलं तर मी दोघांचीही नावं घेईन, आणि हॅलिबर्टनचं आधी घेईन.